पडद्यामागचा मेस्त्री : कलामहर्षी बाबूराव पेंटर

श्रीगणेश ही चौदा विद्या आणि चौसष्ट कलांची देवता. त्या चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत चित्रपट कुठून असणार? पण चित्रपट ज्या कलांतून उभा राहतो, त्या बहुतेक सगळ्या तिथे आहेत. गायन आहे, नृत्य आहे, चित्रकला आहे, वेशभूषा आहे आणि सुतारकामही आहे. यांतल्या अनेक कला एकाच माणसाच्या हातात कशा एकवटल्या आणि त्यातून आपल्या देशाच्या चित्रपटसृष्टीला काय मिळाले, हे सांगण्यासाठी यंदाच्या स्मरणिकेत आम्ही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे चरित्र घेतले आहे.

बाबूरावांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. वडीलधाऱ्या मंडळींना 'प्रभात'चे चित्रपट आठवतात आणि त्या आठवणींच्या कडेने हे नाव येऊन जाते. पण बाबूरावांनी नेमके केले काय, असे विचारले तर सांगणारे थोडेच सापडतात. मुलांना विचारले तर शाळेत पाठ झालेले उत्तर मिळते : भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके, पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र', साल १९१३. उत्तर बरोबरच आहे. दादासाहेबांचा मान त्यांच्याकडेच राहील. मात्र या उत्तरात एक प्रश्न झाकला जातो. चित्रपट आपला झाला, कथा आपली झाली, नट आपले झाले. पण ज्या यंत्राने ते सारे टिपले, ते यंत्र कोणाचे होते?

थोडे मागे जाऊन पाहू. १८९९ मध्ये मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी कुस्तीचे चित्रण केले. त्यांचा कॅमेरा विलायतेहून मागवलेला होता. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' पडद्यावर आला. तिथे कॅमेराही परका आणि तो चालवणाराही परका. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये स्वतः लंडनला गेले, तिथे चित्रणाचे तंत्र पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. तिघांनीही अतोनात कष्ट सोसले, पण यंत्रासाठी तिघांनाही समुद्रापलीकडे पाहावे लागले. ही साखळी तोडली ती कोल्हापुरातल्या एका मेस्त्री घराण्यातल्या तरुणांनी. देशाच्या चित्रपट-इतिहासाचे हे पान फारसे उघडले जात नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव सुतारकाम आणि लोहारकाम करत, शिवाय चित्रकलेत आणि कोरीवकामातही त्यांचा हात चालत असे. बाबूरावांचे शिक्षण झाले ते अशा घरात. कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. पटाशी कशी धरावी, लोखंड किती तापवावे, रंगात रंग कसा मिसळावा, हे त्यांनी पाहून आणि करून शिकून घेतले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जिवलग जोडीदार. आनंदरावांचा हात चित्रात जितका तयार, तितकाच यंत्रातही. दोघे मिळून रंगवू लागले, मूर्ती घडवू लागले, फोटोग्राफी करू लागले.

तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा होता. नामवंत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि त्यांना रंगवलेले पडदे लागत. राजवाडा, अरण्य, देऊळ, नदीचा घाट, असा एकेक पडदा प्रेक्षकांना वेगळ्या जगात नेत असे. आपल्या भागात ही गोष्ट फार समजावून सांगायला नको. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र चालणारी नाटके पाहत आपल्या पिढ्या वाढल्या. पडदा वर गेला की मागे दुसरा पडदा दिसतो आणि नट तोंड उघडण्यापूर्वीच पोरे टाळ्या वाजवतात, हे आपण पाहिलेले आहे. आनंदराव आणि बाबूराव हे असे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांच्या पडद्यांची कीर्ती पश्चिम भारतात इतकी पसरली की लोक मेस्त्री हे आडनाव विसरले आणि पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

फाळक्यांचे चित्रपट आले आणि या दोघांना नवे वेड लागले. स्थिर पडदा रंगवणाऱ्यांना हलणारा पडदा खुणावू लागला. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र मिळवले आणि कोल्हापुरात चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. खरा हेतू धंद्याचा नव्हताच. चित्रे पुन्हा पुन्हा पाहायची, यंत्र उघडायचे, त्यातले प्रत्येक चाक कशासाठी आहे ते समजून घ्यायचे, असा तो अभ्यास होता. दाखवण्याचे यंत्र कळले तर टिपण्याचे यंत्रही घडवता येईल, हा त्यांचा हिशेब.

हे काम किती नाजूक होते, ते थोडे सांगायला हवे. चित्रपटाची पट्टी कॅमेऱ्यातून सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते, त्या क्षणात पडदी उघडून प्रकाश आत येतो आणि चित्र उमटते. मग पडदी मिटते, एक आकडा पट्टीच्या छिद्रात अडकून तिला बरोबर एका चित्राएवढी पुढे ओढतो आणि पट्टी पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात ही क्रिया सेकंदाला सुमारे सोळा वेळा व्हायची आणि तीही हाताने दांडा फिरवून. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. आकडा केसभर चुकला तर पट्टी फाटणार किंवा पडद्यावरचे चित्र थरथरणार. आत प्रकाशाचा एक किरण शिरला तर सगळी मेहनत वाया. असे यंत्र कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय, घरच्या हत्यारांनी घडवायचे होते.

काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट राहिला. ज्याच्या डोक्यात यंत्राची सगळी जुळणी होती तोच गेला. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी काम सोडून पुन्हा पडदे रंगवायला घेतले असते तर कोणी दोष दिला नसता, कारण त्या कामाला मागणी होती आणि मानही होता. पण त्यांनी भावाचे काम उचलले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले हे यंत्राचे मर्म जाणणारे. या दोघांनी चाचण्या करत, मोडत, पुन्हा जोडत १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. आपल्या देशात, आपल्या कारागिरांच्या हातून घडलेला तो कॅमेरा होता. आनंदरावांनी तो पूर्ण झालेला पाहिला नाही आणि इतिहासातही त्यांचे नाव एखाद्या ओळीपुरतेच उरले. आम्हाला वाटते, बाबूरावांचे चरित्र सांगताना ही ओळ गाळता कामा नये.

यंत्र झाले, पुढे पैसा हवा होता. चित्रपटात पैसा घालणे म्हणजे तो पाण्यात टाकणे, असे तेव्हाचे शहाणे लोक मानत. त्या वेळी भांडवल घेऊन पुढे आल्या त्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. गाणाऱ्या बाईला समाजात कोणते स्थान दिले जाई, हे आपण जाणतो. तिच्या गाण्याला माना डोलवणारे तिला बरोबरीने बसवून घेत नसत. अशा बाईने गाण्यातून मिळवलेली पुंजी पडदे रंगवणाऱ्या एका कारागिराच्या शब्दावर लावली आणि त्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर हे कलावंतांचे, पैलवानांचे आणि कारागिरांचे आश्रयस्थान होते. महाराजांचे पाठबळही कंपनीला लाभले. बाबूरावांभोवती माणसे जमली. दामले होते, चित्रकार शेख फत्तेलाल होते, तालमीत घुमणारे पैलवान होते. जातीचा, धर्माचा विचार तिथे नव्हता. ज्याच्या हातात कसब, त्याला तिथे जागा.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. विषय द्रौपदीचा आणि कीचकवधाचा. त्या विषयाला त्या काळात वेगळी धार होती. खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक सरकारने १९१० मध्ये बंद पाडले होते, कारण कीचकाच्या आडून कोणावर बाण सुटतो हे प्रेक्षकांना आणि सरकारलाही कळले होते. दहा वर्षांनी तीच कथा बाबूरावांनी पडद्यावर आणली.

प्रश्न उभा राहिला द्रौपदीचा. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी अण्णा साळुंके या पुरुषाला उभे करावे लागले होते. नंतर दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आल्या, तरी बायकांनी चित्रपटात काम करणे अजून लाजिरवाणेच मानले जात होते. बाबूरावांनी स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीच हवी असा आग्रह धरला. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्याची किंमत त्यांनी भरली. त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारात आसरा घ्यावा लागला. आज नट्यांची छायाचित्रे घरोघर लागतात. त्या वाटेवरचे पहिले काटे ज्यांच्या पायांत रुतले, त्यांत या दोघी आहेत.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात 'सैरंध्री' लागला. भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक झुंझारराव पवार. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षागृहात लोक घाबरले. पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. स्वदेशीचा मंत्र देणाऱ्याने स्वदेशी कॅमेऱ्याला दिलेली ती पावती होती.

त्यानंतरची काही वर्षे बाबूरावांनी एकामागून एक नव्या गोष्टी केल्या. नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यांवर ज्यांचे नाव झाले, त्यांनीच चित्रपटातून रंगवलेले पडदे हटवले आणि लाकूड-मातीचे भरीव देखावे उभे केले. प्रत्येक प्रसंगाची चित्रे ते आधी कागदावर काढत. नटाने कुठे उभे राहायचे, कोणता अंगरखा घालायचा, प्रकाश कुठून यायचा, हे चित्रीकरणापूर्वीच कागदावर ठरलेले असे. 'सिंहगड' (१९२३) हा हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. त्यात रात्रीची लढाई दाखवायची होती. तोवर चित्रण सूर्यप्रकाशातच होत असे. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरून पडद्यावर रात्र उभी केली. चित्रपटांची रंगीत भित्तिचित्रे, ज्यांना आपण पोस्टर म्हणतो, तीही ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते.

आणि मग १९२५ मध्ये आला 'सावकारी पाश'. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावणारा एक शेतकरी आणि पोटासाठी शहरातल्या गिरणीत गेलेले त्याचे आयुष्य, एवढीच कथा. शेतकऱ्याची भूमिका केली व्ही. शांताराम नावाच्या तरुणाने आणि सावकार झाले झुंझारराव पवार. उजाड झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे, एवढ्यावर त्यांनी दुःख दाखवले. हा मूकपट होता. कुत्र्याचा आवाज कोणी ऐकला नाही, तरी पाहणाऱ्यांना तो ऐकू आला असे म्हणतात. धान पिकवणाऱ्या आपल्या बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांना त्या कथेतला कागद आणि अंगठा परका वाटणार नाही. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाला गर्दी केली नाही. वास्तव दाखवणाऱ्या भारतीय चित्रपटांचा विषय निघाला की पुढच्या काळातली मोठी नावे घेतली जातात. त्यांच्या कितीतरी आधी कोल्हापुरात हे घडून गेले होते.

बाबूरावांचा स्वभाव कारागिराचा होता. मनासारखे होईपर्यंत वस्तू हातावेगळी करायची नाही, मग दिवस किती जावोत. कंपनीच्या हिशेबाला हे परवडेना. मतभेद वाढले आणि १९२९ मध्ये ज्यांना त्यांनी घडवले तीच माणसे बाहेर पडली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी कॅमेऱ्यासाठी बरोबरीने हात काळे केले होते, तेही गेले. बाबूरावांच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. पुढे 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत गणना झाली. 'प्रभात'च्या त्याच आवारात आज देशाची चित्रपट शिक्षण संस्था उभी आहे. शिष्यांनी गुरूचे घर सोडले, पण गुरूची विद्या सोडली नाही. प्रत्येक चौकट आधी चित्रासारखी मांडायची, ही 'प्रभात'ची ओळख कोल्हापूरच्या त्या कारखान्यातूनच आलेली होती.

तेवढ्यात बोलपट आला. बाबूरावांना त्याची ओढ नव्हती. चित्राने जे सांगायचे ते शब्द बळकावतील, अशी त्यांची धास्ती होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. नंतर कोल्हापुरात शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा' (१९३५), बोलपट रूपातला 'सावकारी पाश' (१९३६) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे चित्रपट केले. त्याच सुमारास वृद्ध दादासाहेब फाळके कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट करत होते. मूकपटाचे दोन महारथी एकाच गावात, नव्या जमान्याशी जुळवून घेत होते. १९४७ मध्ये शांतारामांबरोबर बाबूरावांनी 'लोकशाहीर राम जोशी' केला. गुरू-शिष्य पुन्हा एकत्र आले, हे वाचून बरे वाटते. १९५२ चा 'विश्वामित्र' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. चित्रे आणि मूर्ती यांत ते अखेरपर्यंत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

मग आज बाबूरावांचे नाव असे मागे का पडले? याचे एक साधे कारण आहे. त्यांचे काम पाहायलाच मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि जपली नाही तर आपोआप कुजून तिची भुकटी होई. शिवाय तिच्या थरात चांदी असे. बोलपट आल्यावर मूकपटांना भाव उरला नाही, तेव्हा अनेक ठिकाणी जुन्या फिल्म वितळवून चांदी काढली गेली. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यांतले बहुतेक सगळे नाहीसे झाले. 'सैरंध्री' आज नाही, १९२५ चा 'सावकारी पाश' नाही. ज्या चित्रपटांनी लोकांना रडवले, त्यांची कुठे काही छायाचित्रे, कुठे एखादे पोस्टर एवढेच उरले आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचे स्मारक आहे, तिथे चित्रपट व्यवसायातली मंडळी आजही त्यांना वंदन करतात.

हे चरित्र लिहिताना आम्हाला राहून राहून आपल्या किरनापूरची आठवण येत होती. १९५६ मध्ये राज्यांची नवी रचना झाली, शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपण घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी अशा दोन ओसऱ्यांवर वाढलो. एवढे असूनही उत्सव टिकला, आरत्या टिकल्या. कोणाच्या जिवावर? मंचावर बसलेल्यांची नावे अहवालात सापडतात. मखर ठोकणारा सुतार, पडदा रंगवणारा, वर्गणीत कमी पडलेले पैसे गुपचूप घालणारी एखादी आजी, नाटकात पहिल्यांदा उभी राहून घरच्यांची बोलणी खाणारी एखादी मुलगी, यांची नावे कुठे लिहिलेली आहेत? आनंदराव, तानीबाई, गुलाबबाई, अनसूयाबाई आपल्याही घरांत होऊन गेल्या असतील. ज्यांना आठवते ती माणसे आहेत तोवर विचारून, लिहून ठेवले पाहिजे. फिल्मची भुकटी झाल्यावर हळहळून उपयोग नसतो.

दरवर्षी आपण मातीची मूर्ती आणतो, दहा दिवस पूजतो आणि पाण्यात सोडतो. मूर्ती विरघळते, तरी पुढच्या वर्षी गणपती येतोच, कारण मूर्तिकाराने आपले कसब पोराच्या हातात दिलेले असते. बाबूरावांचे चित्रपट गेले. त्यांनी घडवलेली माणसे आणि त्या माणसांनी घडवलेली चित्रपटसृष्टी राहिली. विद्या आणि कलांच्या त्या अधिपतीला नमस्कार करताना, कोल्हापूरच्या या मेस्त्रीला आणि त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या सगळ्यांना आमचा आदराचा नमस्कार.

गणपती बाप्पा मोरया!